आज्ञावलीतील टिप्पणी ते वाचनीय दस्तऐवज : एक्सएमएल, शैलीपत्रके आणि मराठी

प्रस्तावना

जुन्या दप्तरातील कागद छापताना संपादक त्याच्या माथ्यावर क्रमांक, तारीख आणि दोन-चार ओळींचा गोषवारा देतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड सिद्ध केले, त्यांत ही पद्धत कसोशीने पाळलेली आहे. त्यांतील ताराबाई व संभाजी यांच्याविषयीचा खंड करवीरच्या इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असतो. कोणता कागद मुळातून वाचावा आणि कोणता तूर्त बाजूला ठेवावा, हे त्या चार ओळींवरूनच तो ठरवितो. मूळ पत्र मराठी आणि गोषवारा इंग्रजी, ही त्या खंडांतील विसंगती तत्कालीन सरकारी व्यवहाराची देणगी होय. परंतु कागदाचा आशय कागदापाशीच ठेवावा, ही त्यामागील दृष्टी मोलाची आहे.

संगणकाच्या आज्ञावलीसंबंधी हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. आज्ञावली यंत्राला कळते. ती लिहिणाऱ्याच्या मनातील हेतू मात्र दुसऱ्या माणसाला कळेलच असे नाही. तो हेतू टिप्पणीच्या रूपाने आज्ञावलीतच नोंदवावा आणि त्या टिप्पण्यांतून वाचनीय दस्तऐवज यंत्राकडूनच तयार करून घ्यावा, या कल्पनेचा इतिहास प्रस्तुत निबंधात पाहावयाचा आहे. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते. मराठी भाषेच्या दृष्टीने तर त्याचा विचार फारसा झालेलाच नाही.

टिप्पणी आणि तिचे दुखणे

टिप्पणी म्हणजे आज्ञावलीतील असा मजकूर की जो कंपायलर वगळून पुढे जातो. तिचे स्वातंत्र्य यातच आहे आणि तिचे दुखणेही यातच आहे. टिप्पणी चुकीची असली, शिळी झाली किंवा मुळातच नसली, तरी आज्ञावली बिनतक्रार चालते. यावर उपाय म्हणून माहितीपुस्तिका वेगळी लिहावी, तर आज्ञावली पुढे सरकते आणि पुस्तिका मागे राहते. महाविद्यालयीन प्रकल्प अहवाल ज्यांनी लिहिले वा तपासले आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही. अहवाल बांधणीला गेल्यानंतरही आज्ञावलीत बदल होत असतात आणि परीक्षकापुढे दोहोंचा मेळ बसत नाही.

या दुखण्यावरचा पहिला मूलगामी विचार डोनाल्ड नूथ यांनी मांडला. १९८४ मध्ये ‘साक्षर आज्ञालेखन’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. आज्ञावली ही मुळात माणसाने माणसासाठी लिहिलेली रचना मानावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या ‘वेब’ या पद्धतीत एकाच मूळ फायलीतून दोन गोष्टी निघत : एका साधनाने यंत्रासाठी आज्ञावली आणि दुसऱ्याने वाचकासाठी छापील मजकूर. या ‘वेब’चा पुढील काळातील इंटरनेटशी काही संबंध नाही. नूथ यांनी आपली ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली याच पद्धतीने लिहिली आणि १९८६ मध्ये ती संपूर्ण आज्ञावली ग्रंथरूपाने छापली. सामान्य आज्ञालेखकाला मात्र ही शिस्त पेलली नाही. उत्तम गद्य आणि उत्तम आज्ञावली ही दोन्ही एकाच हातून लिहिली जाणे दुर्मीळच.

१९९६ मध्ये जावा भाषेसोबत आलेल्या ‘जावाडॉक’ने अपेक्षा पुष्कळ खाली आणली आणि म्हणूनच ते रुजले. वर्गाच्या वा कार्याच्या डोक्यावर ठरावीक खुणांनी युक्त टिप्पणी लिहावी आणि साधनाने त्यातून दुवे जोडलेली एचटीएमएल पाने तयार करावीत, एवढाच हा व्यवहार होता. मात्र ती पाने कशी दिसावीत हे त्या साधनातच ठरलेले असे. रूप बदलावयाचे तर साधनाशी जोडलेली नवी आज्ञावली लिहावी लागे.

एक्सएमएल आणि शैलीपत्रक

आशय आणि रूप यांची फारकत करण्याचे तत्त्व मुद्रणक्षेत्रात जुने होते. एसजीएमएल हे त्याचे प्रमाणित रूप १९८६ मध्ये आले. त्याचीच सुटसुटीत आवृत्ती म्हणजे १० फेब्रुवारी १९९८ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेले एक्सएमएल १.०. त्याच्या जोडीला जेम्स क्लार्क यांनी संपादिलेली एक्सएसएलटी ही रूपांतराची भाषा १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आली. मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे हे एक्सएमएलच्या टॅगने सांगावयाचे आणि त्या भागाचे काय करावयाचे हे शैलीपत्रकाने सांगावयाचे, अशी ही विभागणी होती. शैलीपत्रकात पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या क्रमवार आज्ञा नसतात, तर नियम असतात. गोषवारा आढळला की त्याचा परिच्छेद करावा, घटकाचे वर्णन आढळले की तक्त्यात एक ओळ घालावी, संदर्भ आढळला की दुवा जोडावा, अशा स्वरूपाचे ते असतात. कोल्हापूरच्या ओतकामाच्या धंद्यात नमुना आणि वितळलेला रस यांचे जे नाते, काहीसे तसेच हे नाते आहे. एका नमुन्यातून हव्या तितक्या वस्तू ओतता येतात. आणि नमुन्यात खोट असेल तर त्या सगळ्याच सारख्या बिघडतात.

मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प या भाषेने हे तत्त्व आज्ञावलीतील टिप्पणीला लावले. डिसेंबर २००१ च्या एक्मा प्रमाणाच्या परिशिष्टात त्याचे वर्णन असून, फेब्रुवारी २००२ मध्ये डॉटनेटची पहिली आवृत्ती आल्यावर ते सर्वांच्या हाती पडले. तीन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या ओळींत ‘समरी’, ‘पॅराम’, ‘रिटर्न्स’, ‘रिमार्क्स’ असे टॅग लिहावयाचे; कंपायलरला तशी सूचना दिली की तो या टिप्पण्या वेचून वेगळी एक्सएमएल फाइल तयार करतो. टिप्पणी वगळणाऱ्या कंपायलरने तिची दखल घ्यावी, हा बदल लहान नव्हता. उघड वापराच्या एखाद्या घटकावर टिप्पणी नसेल तर कंपायलर तसा इशाराही देऊ लागला.

या इशाऱ्याचा परिणाम मात्र मासलेवाईक झाला. इशारा बंद व्हावा एवढ्यासाठीच टिप्पण्या लिहिल्या जाऊ लागल्या. ‘घोस्टडॉक’सारखे साधन तर कार्याच्या नावाचे शब्द सुटे करून त्यांतून आपोआप वाक्य बनवून देई. समजा, साखर कारखान्याच्या हिशेबासाठी ‘ऊसबिल काढा’ नावाचे कार्य लिहिले आहे. त्यावर ‘ऊसबिल काढते’ अशी टिप्पणी असेल तर ती व्याकरणाने शुद्ध, टॅगांनी परिपूर्ण आणि पूर्णपणे निरुपयोगी होय. वजन टनांत द्यावयाचे की क्विंटलमध्ये, येणारी रक्कम तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करण्यापूर्वीची की नंतरची, हे तिने सांगावयास हवे. हा खुलासा नसेल तर पुढील आज्ञालेखक खर्च दोनदा वजा करील आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसेल. शैलीपत्रक या दोन्ही टिप्पण्या सारख्याच नेटक्या तक्त्यात मांडते. रूप देणे त्याच्या हाती आहे. आशय त्याच्या हाती नाही.

एनडॉकचा उदय आणि अस्त

कंपायलरने दिलेली एक्सएमएल फाइल स्वतंत्रपणे वाचनीय नसते. तिच्यात प्रत्येक घटकाचे पूर्ण नाव, त्याआधी प्रकार दाखविणारे एक अक्षर आणि टिप्पणीचा मजकूर एवढेच असते. कोणता वर्ग कोणत्या वर्गापासून निघाला, कार्य कोणत्या प्रकारचे मूल्य परत देते, ही माहिती संकलित आज्ञावलीतून वेगळी काढावी लागते. हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचे काम ‘एनडॉक’ या मुक्त स्रोत साधनाने केले. ते दोन्हींचे मिळून एक मोठे एक्सएमएल बनवी, त्यावर शैलीपत्रके चालवी आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतपुस्तिकांसारखी दिसणारी पाने तयार करी. डॉटनेटच्या आरंभीच्या वर्षांत अनेक आज्ञालेखकांच्या दृष्टीने दस्तऐवज म्हणजे एनडॉकने दिलेली पानेच होती.

नोव्हेंबर २००५ मध्ये डॉटनेट २.० आले आणि त्यातील नव्या भाषिक सोयींना एनडॉकची प्रचलित आवृत्ती पुरी पडेना. जुलै २००६ मध्ये प्रकल्पाच्या प्रमुख विकासकाने काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. असंख्य लोक साधन वापरीत होते, पण आर्थिक साहाय्य जवळजवळ शून्य होते. शिवाय त्याला मनस्तापही सोसावा लागला होता. तंत्र कालबाह्य झाल्यामुळे एनडॉक संपले नाही, एका माणसाची विनावेतन सहनशक्ती संपल्यामुळे संपले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘सँडकॅसल’ हे आपले साधन खुले केले. तेही शैलीपत्रकांवरच आधारलेले होते. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचाही विकास थांबविला आणि पुढील भार पुन्हा स्वयंसेवी हातांवर आला.

मराठीचा प्रश्न

एक्सएमएलची अक्षरव्यवस्था युनिकोडवर उभी आहे. त्यामुळे १९९८ पासूनच मजकूर तर सोडाच, टॅगचे नावही देवनागरीत लिहिणे नियमाला धरून आहे. ‘गोषवारा’ नावाचा टॅग तत्त्वतः तितकाच वैध आहे जितका ‘समरी’. विंडोज २००० मध्ये रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक आला आणि पडद्यावर युनिकोड मराठी वाचण्याची सोय झाली. मराठीला दार उघडे होते. त्या दारातून आत कोण आले, हे पाहण्यासाठी पुण्याकडे वळावे लागते.

रेड हॅट या कंपनीच्या पुणे येथील केंद्रातून भारतीय भाषांतील लिनक्सचे काम चालत असे. त्या काळात तेथील दस्तऐवज ‘डॉकबुक’ या एक्सएमएल पद्धतीने लिहिले जात. आज्ञावलीतील टिप्पण्यांपेक्षा ही सामग्री वेगळी असली तरी कार्यपद्धती तीच होती : एक एक्सएमएल स्रोत, एक शैलीपत्रक-संच आणि अनेक रूपे. इंग्रजी एक्सएमएलमधून परिच्छेद सुटे काढून ते पीओ फाइलमध्ये भाषांतरकारापुढे ठेवले जात आणि भाषांतर पुन्हा त्याच सांगाड्यात बसविले जाई. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ५ आणि ६ या आवृत्त्यांच्या काही प्रकाशन-टिपा अशा रीतीने मराठीत वाचावयास मिळाल्या. मराठी तांत्रिक गद्याच्या इतिहासात त्यांची नोंद व्हावयास हवी.

या मार्गात दोन अडचणी होत्या. पहिली वाक्यरचनेची. शैलीपत्रक स्वतःही काही शब्द घालते : ‘पाहा’, ‘तक्ता’, ‘प्रकरण’. इंग्रजीत ‘पाहा’ आधी येते आणि संदर्भ नंतर; मराठीत ‘प्रकरण ३ पाहा’ असा क्रम उलटा होतो. शब्दक्रम शैलीपत्रकातच पक्का केलेला असेल तर मराठी पान इंग्रजीच्या चालीने लंगडते. आशय व रूप यांची फारकत झाली असे म्हणताना रूपातही एक भाषा दडलेली असते, याचा विसर पडत असे. जाणत्या शैलीपत्रकांनी हे शब्द भाषावार वेगळ्या फायलींत काढले, तेव्हा कुठे मार्ग निघाला.

दुसरी अडचण छपाईची. पीडीएफ करण्यासाठी अपाचेचे एफओपी हे साधन सर्रास वापरले जाई. ‘विषय’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी संगणकात ‘व’नंतर साठविली जाते, पण दिसावी लागते ‘व’च्या अलीकडे, ‘अर्थ’मधील रफार आधी साठविला जातो आणि दिसतो ‘थ’च्या डोक्यावर. ही जुळवाजुळव एफओपीला येत नव्हती. एक्सएमएल निर्दोष, शैलीपत्रक निर्दोष, आणि कागदावर मात्र वेलांट्या भलत्या जागी व जोडाक्षरे मोडलेली, अशी अवस्था होती. ऑक्टोबर २०१२ मधील १.१ या आवृत्तीत एफओपीला देवनागरीची ही क्षमता मिळाली. एक्सएमएलची शिफारस आणि ही सुधारणा यांत १४ वर्षांचे अंतर आहे. या १४ वर्षांतच दस्तऐवज इंग्रजीत असावयाचे हा संकेत महाराष्ट्रातील संगणक व्यवसायात घट्ट झाला. त्याचा सगळा दोष एफओपीवर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसत होती, तरीही सी-शार्पमधील टिप्पण्या मराठीत लिहिण्याचा प्रघात पडला नाही. परदेशी ग्राहकासाठी लिहिलेल्या आज्ञावलीत तो पडणे शक्यही नव्हते. पण दूध संघ, पतसंस्था आणि साखर कारखाने यांच्यासाठी येथेच लिहिल्या आणि येथेच वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींबाबत तशी सक्ती नव्हती.

२०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास मुभा दिली आणि मराठीतून पाठ्यपुस्तके येऊ लागली. या विद्यार्थ्यापुढे पहिल्या दिवसापासून जो दस्तऐवज असतो, तो मात्र पाठ्यपुस्तकात नसून आज्ञावलीच्या संपादकात उमटणाऱ्या टिप्पणीच्या दोन ओळींत असतो.

दरम्यान शैलीपत्रकांचा काळ ओसरला. फेडोराचे दस्तऐवज २०१८ च्या सुमारास डॉकबुक सोडून साध्या मजकुराच्या पद्धतीकडे गेले. सँडकॅसलनंतर मायक्रोसॉफ्टने आणलेल्या ‘डॉकएफएक्स’मध्ये एक्सएसएलटीची जागा साध्या साच्यांनी घेतली. अनेक ब्राउझरांत हे रूपांतर करणाऱ्या लिबएक्सएसएलटीचा सांभाळ करणारा स्वयंसेवक २०२५ मध्ये त्यातून बाजूला झाला आणि त्याच वर्षी क्रोमच्या विकासकांनी एक्सएसएलटीचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे जाहीर केले. एनडॉकच्या वेळचा प्रसंग वीस वर्षांनी अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडला. डॉकएफएक्स मात्र आजही तीन तिरप्या रेघांनंतरच्या त्याच टिप्पण्या वाचते, आणि तेथे ‘रक्कम तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वीची’ असे मराठीत लिहिले तर कंपायलर ती ओळ अक्षराचाही बदल न करता एक्सएमएल फायलीत उतरवितो.