दख्खनी मेंढी

दख्खनी मेंढी : दख्खनच्या पठारावरील कमी पावसाच्या प्रदेशात लोकर आणि मांस अशा दुहेरी उपयोगासाठी पाळली जाणारी मेंढीची जात. महाराष्ट्रात प्रामुख्याने अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, नाशिक व कोल्हापूर जिल्ह्यांत, तसेच कर्नाटक व तेलंगणाच्या लगतच्या भागांत आढळते. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी हे तिचे प्रकार समजतात. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीला काही जण याच जातीत धरतात, काही वेगळी जात मानतात. तिच्या अंगावर लोकर नगण्य असल्याने येथे तिचा विचार केलेला नाही.

रंग बहुधा काळा, क्वचित करडा किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा; नाक बाकदार, कान लोंबते, मान बारीक, छाती अरुंद. पोट व पाय लोकरीविना असतात. पूर्ण वाढलेली मेंढी सुमारे ३० किग्रॅ., तर मेंढा सुमारे ४० किग्रॅ. भरतो.

लोकर : वर्षातून दोनदा कातरणी होते. लोकर जाड, केसाळ व विरळ असून वर्षाला जेमतेम अर्धा ते पाऊण किलो मिळते. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, त्यातल्या त्यात मऊ असते. काळी लोकर रंगवावी लागत नाही. सनगर समाजाचे विणकर तिची घोंगडी मागावर विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवे घोंगडे ताठ असते. घोंगड्यांची मागणी घटल्यापासून पुष्कळ कळपांत लोकरीचे पैसे कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाहीत. मेरिनो व रांबूये मेंढ्यांशी संकर करून लोकर सुधारण्याचे प्रयत्न झाले. संकरित पिढी पठारावरच्या पायपिटीला व चाराटंचाईला कितपत टिकली, याविषयी एकमत नाही.

मांस व पैदास : धनगर मेंढपाळांचे मुख्य उत्पन्न तीन-चार महिन्यांची कोकरे विकून येते. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. एका वेताला बहुधा एकच कोकरू होते, आणि या जातीची खरी मर्यादा लोकरीत नसून इथे आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीतून जुळी देणारे जनुक दख्खनीत आणले. ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनोमध्ये आढळलेले जनुक हेच. गारोळ अंगाने फार लहान असल्याने पुन्हापुन्हा दख्खनीशी संकर करून मूळ चण परत मिळवावी लागली. जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांचे प्रमाण वाढते. हा वाण ‘सुवर्णा’ या नावाने ओळखला जातो. जुळ्यांना पुरेल इतके दूध हवे, म्हणून व्यायच्या सुमारास मेंढीला जास्तीचा खुराक द्यावा लागतो; धनगरांच्या फिरत्या वाड्यावर, म्हणजे कळपांसह हलणाऱ्या तळावर, ते नेहमी जमतेच असे नाही.

व्यवस्थापन : काही वाडे पावसाळ्यानंतर कोकणात उतरतात. रात्री मेंढ्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत शेतात बसवतात. लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतात.

रोग : देवी, आंत्रविषार व पीपीआर हे प्रमुख रोग असून त्यांवर लसी उपलब्ध आहेत.