झायलोज-किण्वक यीस्ट

झायलोज-किण्वक यीस्ट : गव्हाचे काड, भाताचा पेंढा, मक्याची धाटे अशा शेतातील अवशेषांपासून इंधनासाठी इथेनॉल बनवता यावे म्हणून जनुकीय बदल केलेले यीस्ट. पाव फुगवणारे सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी ग्लुकोज झपाट्याने आंबवते. पण पाच कार्बनांची झायलोज ही शर्करा त्याला आंबवता येत नाही. काडातील हेमिसेल्युलोज फोडल्यावर मुख्यतः हीच शर्करा मिळते. मक्याच्या धाटांत तर एकूण शर्करेतला तिचा वाटा सुमारे एक-तृतीयांश असतो. तो वाया घालवून काडाचे इंधन परवडणे कठीण.

झायलोज आंबवणाऱ्या दुसऱ्या जीवाचे जनुक या यीस्टमध्ये घातले की काम झाले, असे मात्र होत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९३ मध्ये पिकिया स्टिपिटिस या यीस्टची दोन जनुके वापरून झायलोज आंबवणारे वाण घडवले. या मार्गातले पहिले एंझाइम झायलोजचे झायलिटॉल करताना मुख्यतः एनएडीपीएच हे सहएंझाइम खर्च करते, तर झायलिटॉलचे झायलुलोज करणाऱ्या दुसऱ्याला एनएडी हे सहएंझाइम लागते. दोघांचा हिशेब जुळत नाही, त्यामुळे झायलिटॉल साचत जाते. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये हत्तीच्या लिदीतून मिळालेल्या पायरोमायसीस बुरशीचे एंझाइम योजले. ते अशा सहएंझाइमाविना एकाच पायरीत झायलोजचे झायलुलोज बनवते. तरीही यीस्टची वाढ फारच मंद होती. पुढील पायऱ्यांची जनुके अधिक क्रियाशील केली आणि झायलोजवरच पिढ्यान्‌पिढ्या वाढवून निवड केली, तेव्हा कुठे वेग आला. म्हणून या तंत्राचे खरे काम एक जनुक रुजवणे नसून सगळ्या पेशीचा ताळमेळ बसवणे हे आहे.

या खटाटोपावर आक्षेप असा, की अमेरिकेतील एमेट्सबर्गचा २०१४ मध्ये सुरू झालेला, काडापासून इथेनॉल बनवणारा कारखाना २०१९ मध्ये थांबला. मग यीस्टवर एवढी मेहनत कशाला? पण तिथे मोठी अडचण काडाच्या पूर्वप्रक्रियेत, म्हणजे आंबवण्याआधी ते फोडण्यात, होती आणि थांबण्यामागे सरकारी धोरणाचाही भाग होता. शिवाय पूर्वप्रक्रियेत निर्माण होणारे ॲसेटिक आम्ल व फुरफुरल यीस्टची वाढ रोखतात, म्हणजे तिचे दोष शेवटी यीस्टलाच सोसावे लागतात. काड उचलल्याने जमिनीचा कस जातो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही काड रानात राहायलाच हवे. मात्र हरियाणात पेंढा शेतातच जाळला जातो. तिथे पानिपतला २०२२ मध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा कारखाना उभा राहिला, हे योग्यच झाले. नव्या वाणाची पारख शुद्ध शर्करेवर न करता अशा कारखान्यातील आम्लयुक्त, गढूळ द्रवातच व्हायला हवी.