नगरच्या किल्ल्यातील अभिधर्मकोश

आमच्या नगरचा किल्ला पाहायला पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘नेहरूंनी पुस्तक लिहिलं ती खोली कोणती?’ प्रश्न रास्तच आहे. पण १९४२ ते १९४५ च्या त्या बंदिवासात तिथे आणखी एक काम चालले होते, त्याची चौकशी सहसा कुणी करीत नाही. दम्याने बेजार असलेले आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे हिंदी भाषांतर करीत होते, आणि तेही फ्रेंचवरून!

संस्कृत ग्रंथ फ्रेंचवरून कशाला, असे तुम्ही म्हणाल. तर मूळ ग्रंथ भारतातून केव्हाच नाहीसा झाला होता. यशोमित्राची संस्कृत टीका तेवढी उरली होती, आणि चिनी व तिबेटी भाषांतरे. त्यांच्या आधारे बेल्जियमचे पंडित ला व्हाले पूसँ यांनी १९२३ ते १९३१ या काळात फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले, आणि हरवलेले संस्कृत पारिभाषिक शब्दही पुन्हा जुळविले.

हे जुळविणे साधले ते पुष्कळसे तिबेटी पंडितांच्या शिस्तीमुळे. नवव्या शतकाच्या आरंभी त्यांनी राजाज्ञेने ‘महाव्युत्पत्ति’ नावाचा संस्कृत-तिबेटी कोश केला. सुमारे साडेनऊ हजार शब्दांचा. उपसर्गालासुद्धा प्रतिशब्द ठरलेला! ‘विज्ञान’ म्हणजे ‘र्नम्-पर् शेस्-पा’ : पहिला भाग ‘वि’साठी, दुसरा ‘ज्ञाना’साठी. म्हणून तिबेटीवरून उलट पावली संस्कृतापर्यंत जाता येते. दर वेळी नेमके पोचता येतेच असे नाही, ही गोष्ट वेगळी.

आपली मराठी माणसांची अडचण निराळी. शब्द ओळखीचे वाटतात, आणि तिथेच फसगत होते. वर्गात मी ‘सुखा वेदना’ म्हटले की मुले हसतात. मराठीत वेदना दुखरीच! बौद्ध शास्त्रात मात्र वेदना म्हणजे अनुभव. सुखाचा, दुःखाचा किंवा दोन्ही नसलेला. तिबेटी वाचणाऱ्याचा असा घोटाळा होत नाही, कारण त्यांच्या ‘छोर्-वा’चा अर्थ नुसते जाणवणे. ‘संस्कार’ म्हणताच आपल्याला मुंज आठवते, ‘विज्ञान’ म्हणताच प्रयोगशाळा. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात घरोघर बौद्ध ग्रंथ वाचले जाऊ लागले. वेदनेतून तृष्णा उपजते, हे तिथे वाचून कुणी दुखण्यातून हाव निघते असे समजला, तर सुखाच्या चटकेतून निघणारी हाव त्याच्या नजरेतून सुटलीच म्हणायची.

आणि योगायोग पाहा. आचार्य किल्ल्यात असताना मूळ संस्कृत पोथी सापडलेली होती! राहुल सांकृत्यायनांना ती तिबेटातल्या ङोर मठात मिळाली होती. तिची छायाचित्रेही आली होती. त्यांवरून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी १९४६ मध्ये कारिका छापल्या. आचार्यांची सुटका होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. भाष्य यायला मात्र १९६७ साल उजाडले. आचार्य १९५६ मध्येच निवर्तले होते, आणि त्यांच्या हिंदी भाषांतराचा पहिला भागदेखील त्यांच्या पश्चात, १९५८ मध्ये, निघाला.