मोटारधंद्यातील कामगार : पगार किती आणि ठेव कोठे?

वसंतातल्या व्याख्यानांना नगरकर येतात ते बहुधा इतिहास, वाङ्मय नाहीतर अध्यात्म ऐकण्यासाठी. इतिहास म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे निजामशाहीची राजधानी, चांदबिबीने लढवलेला किल्ला आणि त्याच किल्ल्यात १९४२ नंतर बंदिवासात राहिलेले राष्ट्रीय पुढारी उभे राहतात. कामगाराच्या पगाराचाही इतिहास असतो ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु या शहरातील कित्येक घरांची चूल गेली पन्नास वर्षे कारखान्याच्या पगारावर पेटत आली आहे. त्या पगाराची हकीकत राजघराण्याच्या वंशावळीइतकीच आपल्या जवळची आहे, म्हणून ती सांगण्याचे आम्ही योजले आहे.

नगर आणि वाहनधंदा यांचे नाते जुने आहे. सैन्याचे चिलखती दळाचे केंद्र येथे आहे, आणि वाहनांचे संशोधन व चाचणी करणारी संरक्षण खात्याची संस्थाही येथेच आहे. पण नागरी वाहनधंद्याची गोष्ट सुरू होते ती फिरोदिया घराण्यापासून. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील. १९४६ पासून १९५२ पर्यंत ते मुंबई विधानसभेचे सभापती होते. त्यांचे चिरंजीव नवलमल यांनी स्वातंत्र्य मिळाल्यावर, माणसाने माणसाला ओढून नेण्याची रिक्षा जाऊन तिच्या जागी इंजिनाची तीनचाकी यावी असा ध्यास घेतला, आणि बजाज घराण्याच्या सहकार्याने ती रस्त्यावर आणली. दुसरे चिरंजीव हस्तिमल यांनी नगर-दौंड रस्त्यावर कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. १९७२ साली तेथून ‘लूना’ बाहेर पडली. पन्नास सी. सी.चे इंजिन, आणि इंजिन रुसले तर मारायला पायडल! शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, बँकेतले कारकून, सारे तिच्यावर बसले. पावसाची खात्री नसलेल्या या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या मुलाला महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार म्हणजे काय, हे ज्याने पेरणी वाया गेलेली पाहिली आहे त्याला निराळे सांगावयास नको.

आता एक योगायोग पाहा. कुंदनमलजी सभापतीच्या खुर्चीत असताना मुंबई प्रांताचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी एक महत्त्वाचा कायदा संमत करून घेतला. तो मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ या नावाने ओळखला जातो. एका भागातील एका धंद्यात कामगारांची एकच प्रातिनिधिक संघटना असावी, आणि मालकाशी बोलणी तिनेच करावीत, असे त्याचे सूत्र होते. कापडगिरण्या या कायद्याखाली आल्या, साखर कारखानेही आले. सभापतींच्या मुलांनी पुढे जो धंदा वाढवला तो इंजिनिअरिंगचा धंदा मात्र मुख्यतः १९४७ च्या केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्याखाली राहिला. त्यामुळे आमच्या एकाच जिल्ह्यात कामगारांच्या दोन वाटा झाल्या.

पहिली वाट साखर कामगाराची. हरेगावास बेलापूर कंपनीचा कारखाना पहिल्या महायुद्धानंतरचा. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. सरकारने १९५७ साली साखर धंद्यासाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमले, त्याच्या शिफारशी १९६० साली आल्या. पुढे राज्यात मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींची त्रिपक्ष समिती बसवून साऱ्या राज्यासाठी एकच वेतनकरार करण्याची पद्धत पडली. कोपरगावच्या कामगाराचा दर आणि कोल्हापूरच्या कामगाराचा दर एका बैठकीत ठरू लागला.

दुसरी वाट वाहन कारखान्यातील कामगाराची. त्याचा करार त्याच्या कारखान्याच्या दारातच होतो. महाराष्ट्राने १९७१ साली संघटनांच्या मान्यतेचा कायदा केला, तो १९७५ साली अंमलात आला. ज्या संघटनेचे निदान तीस टक्के कामगार सभासद असतील तिला मान्यता मिळण्याचा मार्ग त्याने खुला केला. मागणीपत्र द्यावयाचे, बोलणी करावयाची, आणि तीन-चार वर्षांसाठी करारावर सह्या व्हावयाच्या, असा हा परिपाठ. त्यात मूळ पगार, निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता, उत्पादनावरचा प्रोत्साहन भत्ता, घरभाडे, रजा, गणवेश, बूट, उपाहारगृहातील थाळीचा दर, एवढ्या साऱ्या गोष्टी येतात. कारखाना भरभराटीत असेल तर या वाटेने गेलेला कामगार साखर कामगाराच्या पुष्कळ पुढे जातो. पुण्या-पिंपरीच्या मोटार कारखान्यांतील कायम कामगाराचा हेवा करण्यासारखा पगार याच वाटेने आला.

मग ही दुसरी वाटच बरी असे कोणी म्हणेल. परंतु घाई करू नये. वस्तूचे दिवस फिरतात. १९८४ च्या सुमारास जपानी सहकार्याने शंभर सी. सी.च्या मोटारसायकली आल्या आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत मोपेडचे गिऱ्हाईक तिकडे वळले. कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय २००८ साली महिंद्रांकडे गेला, आणि नगरचा कारखाना वाहनांचे सुटे भाग करण्याकडे वळला. २०२४ साली त्याच घराण्याच्या दुसऱ्या कंपनीने विजेवर चालणारी लूना बाजारात आणली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, यांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. यात नेहमी कोणाचा गुन्हाच असतो असे नाही. पण दारात झालेला करार दारापुरताच असतो. दार बंद झाले की भत्तेही संपले, थाळीही संपली.

हाच प्रश्न मोटारधंद्याच्या माहेरी, अमेरिकेत, फार पूर्वी उभा राहिला होता. हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांच्या कामाला दिवसा पाच डॉलर देण्याचे जाहीर केले तेव्हा जग थक्क झाले. त्याआधी नऊ तासांना अडीच डॉलरही पडत नसत. हे औदार्य म्हणावे तर फिरत्या साखळीवरच्या कंटाळवाण्या कामाला माणूस टिकत नव्हता, सारखी नवी भरती करावी लागत होती, हे विसरता येत नाही. शिवाय पुरा दर मिळण्यासाठी कामगाराचे घर, दारू, बचत यांची चौकशी होई. मालकाने दिलेले मालकाच्या अटीवरच मिळते. पुढे १९३६-३७ च्या हिवाळ्यात फ्लिंट गावी जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले आणि संघटनेस मान्यता मिळवली. फोर्डने ती १९४१ साली दिली.

यानंतरचा प्रसंग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. वालचंद हिराचंद यांनी ज्या क्रायसलर कंपनीच्या सहकार्याने मोटारींचा कारखाना काढला, त्याच कंपनीचे अमेरिकेतील कामगार १९५० साली शंभराहून अधिक दिवस संपावर गेले. कशासाठी? कंपनी निवृत्तिवेतन द्यावयास तयार होती. वाद होता तो एवढाच, की त्यासाठीचा पैसा आजच बाजूला काढून स्वतंत्र निधीत ठेवावयाचा, की वेळ येईल तेव्हा कंपनीच्या तिजोरीतून द्यावयाचा. कामगार म्हणाले, आम्हांस वचन नको, निधी हवा. साडेतीन महिने पगाराविना काढून त्यांनी तो मिळवला.

त्यांचे भय खोटे नव्हते हे लवकरच दिसले. घोडागाड्या बनवण्यापासून सुरुवात केलेली स्टुडबेकर नावाची जुनी कंपनी होती. डिसेंबर १९६३ मध्ये तिने साउथ बेंड येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. तेथे निवृत्तिवेतनाचा करार होता, निधीही होता, पण तो पुरेसा भरलेला नव्हता. साठी उलटलेल्या जुन्या कामगारांना ठरलेले मिळाले. चाळीस ते साठ वयाच्या सुमारे चार हजार कामगारांच्या हाती त्यांच्या हक्काच्या रुपयातले जेमतेम पंधरा पैसे पडले. त्याहून तरुणांना काहीच नाही. या प्रकरणाचा बोभाटा होऊन अमेरिकेत १९७४ साली निवृत्तिनिधींच्या संरक्षणाचा कायदा झाला.

आता आपल्या घरी येऊ. भारतात १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. प्रथम तो ज्या सहा धंद्यांना लागू झाला त्यांत इंजिनिअरिंग हा एक होता. साखर त्यानंतर आली. वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयास एक आणा. तेवढाच मालकाने घालावयाचा. आता ती बहुतेक ठिकाणी प्रत्येकी बारा टक्के झाली आहे. या एका आण्याचा मोठेपणा त्याच्या रकमेत नव्हता. तो आणा कारखान्याच्या गल्ल्यातून बाहेर पडून दुसऱ्या जागी जमा होत होता, यात त्याचा मोठेपणा होता. कारखाना बुडाला तरी फंड बुडू नये, ही त्यामागची दृष्टी. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानेही कामगारांच्या फंडाचा पैसा बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेत धरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. कामगार विम्याचा कायदा १९४८ चा, त्याचीही तीच रीत.

ग्रॅच्युइटीचे मात्र निराळे झाले. १९७२ च्या कायद्याने नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणे मालकावर बंधनकारक केले. हक्क कायद्याने दिला, पण पैसा मालकाकडेच राहिला. १९८७ साली दुरुस्ती होऊन त्यासाठी विमा उतरवण्याची तरतूद कायद्यात आली, ती या उणिवेमुळेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांनी ठराविक मुदतीच्या कामगारासही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. हे चांगलेच झाले, परंतु हक्क वाढला म्हणजे ठेव झाली असे नव्हे.

साखर कामगाराची वाटही या दृष्टीने तपासली पाहिजे. त्याचा दर साऱ्या राज्याचा, पण पगार त्या त्या कारखान्याच्याच पेटीतून. हंगाम बिघडला, कर्ज वाढले की करारातला दर कागदावर राहतो आणि पगार महिनोन्‌महिने थकतो. म्हणजे एकजुटीने दर मिळतो, ठेव मिळतेच असे नाही.

याच कसोटीवर एक अलीकडची मागणीही घासून पाहू. २०१३ साली चाकणच्या बजाज ऑटोच्या कामगारांनी सुमारे पन्नास दिवस काम बंद ठेवले. प्रत्येक कामगारास कंपनीचे पाचशे शेअर एक रुपया दराने द्यावेत ही त्यांची एक मागणी होती. ती मान्य झाली नाही. धंद्याच्या नफ्यात भागीदार होण्याची इच्छा स्वाभाविक आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु ज्या कारखान्यावर पगार अवलंबून त्याच कारखान्यात आयुष्याची बचतही गुंतवावी, हे शहाणपणाचे कितपत? स्टुडबेकरच्या कामगाराला विचारले असते तर त्याने काय उत्तर दिले असते याची कल्पना करता येते.

मालकांचीही एक बाजू आहे. स्पर्धा तीव्र आहे, आज बाजूला काढलेला रुपया उद्याच्या यंत्रासाठी हवा असतो, असे ते म्हणतात, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. पण कामगाराने वीस वर्षे हजेरी लावून कमावलेला पैसा म्हणजे मालकाचे बिनव्याजी भांडवल नव्हे. फंडाची व्यवस्थाही निर्दोष नाही. निवृत्तिवेतनाची योजना १९९५ साली आली आणि किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते महिना एक हजार रुपये. त्यात महिन्याचा किराणा तरी येतो काय? जागा सुरक्षित, पण ठेव अपुरी, असे हे दुखणे आहे. आणि कंत्राटावर काम करणाऱ्या पोराचे दुखणे याहून मोठे. त्याच यंत्रावर तो तेच काम करतो, पण करारात त्याचे नाव नसते, आणि ठेकेदार बदलला की फंडाचा धागा तुटतो.

श्रोत्यांत कारखान्यातून निवृत्त झालेले काही असतील, काहींची मुले सुप्याच्या नाहीतर नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत नुकतीच लागली असतील. करार झाला की पेढे वाटले जातात, आणि पहिला प्रश्न असतो, ‘किती वाढले?’ तो विचारावाच. पण त्याच्या मागोमाग दुसरा विचारावा, ‘यातले कारखान्याबाहेर किती जमा होणार?’ आणि घरी गेल्यावर मुलाच्या फंडाचे खाते उघडून पाहावे, पगारातून कापलेली रक्कम तेथे भरली गेली आहे की नाही. प्रवासाला निघालेला माणूस शिदोरी स्वतःच्या खांद्यावर घेतो, गाडीवानाकडे ठेवीत नाही. क्रायसलरच्या कामगारांनी साडेतीन महिने उपास काढून जे शिकवले ते एवढेच आहे.