गुलाबरावातलं पाणी

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावं ठळक आहेत. एक चांदूर रेल्वे, दुसरं आमचं चांदूर बाजार. एकाच्या मागे इंग्रजी शब्द लागलाय, दुसऱ्याच्या मागे फारसी. 'बाजार' फारसी आहे हे आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. शब्द इतका मुरला की तो घरचाच झाला.

माणसांच्या नावांचंही तसंच झालं. आमच्या आजोबांच्या पिढीत गुलाबराव, पंजाबराव, साहेबराव, दौलतराव अशी नावं गावोगाव होती. यातलं 'राव' संस्कृत 'राजन्'कडून आलं. पुढचा भाग मात्र फारसी नाहीतर अरबी.

गुलाबराव घ्या. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तिकडे गुलाब म्हणजे फुलाचं पाणी, अत्तरासारखं शिंपडायचं. आपल्याकडे येता येता पाण्याचं नाव फुलालाच चिकटलं, आणि मग पाण्यासाठी आपण वेगळा शब्द केला, गुलाबपाणी. म्हणजे फूल-पाणी-पाणी! हाच शब्द अरबीत गेला तेव्हा 'ग'चा 'ज' झाला. पोट साफ करायच्या औषधाचं नाव होऊन तो परत आला, तो आपला जुलाब. गुलाब आणि जुलाब सख्खे भाऊ आहेत.

पंजाबरावातही तेच पाणी आहे. पंज-आब, पाच पाणी, पाच नद्या. पंजाबराव देशमुख 1898 साली आमच्याच जिल्ह्यातल्या पापळला जन्मले, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. गंमत म्हणजे फारसी 'पंज' आणि संस्कृत 'पञ्च', फारसी 'आब' आणि संस्कृत 'अप्' ही एकाच मुळाची रूपं आहेत. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन बहिणी वऱ्हाडातल्या एका नावात परत भेटल्या.

ही नावं इथं आली कशी? आमच्या शेजारचं अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. 1490 पासून 1574 पर्यंत ती इमादशाहीची राजधानी. नंतर निजामशाही, 1596 पासून मोगल, 1724 पासून हैदराबादचा निजाम. 1853 मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेईपर्यंत, म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ, वरच्या दरबाराची भाषा फारसी होती. सनदा, किताब, वसुली, सगळ्यात तिचे शब्द. पाटील-देशमुखांचा रोजचा संबंध या कागदांशी. मला वाटतं, मानाचे शब्द आधी कागदावर आले, मग घरात आले आणि शेवटी पाळण्यात पोचले.

हे फक्त वऱ्हाडातलं नाही. शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी यांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असं परंपरा सांगते. शिवाजी महाराजांनी पुढे राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. पण वडलांचं नाव त्यांनी बदललं नाही. घोरपड्यांच्या एका शाखेचा किताब होता हिंदूराव. त्यातला 'हिंदू' हा शब्दसुद्धा 'सिंधू'चं फारसी रूप.

माझ्या भाच्याच्या बारशाआधी घरच्या ग्रुपवर नावं सुचवणं चाललं होतं. मी पणजोबांचं नाव टाकलं, गुलाब. दहा मिनिटांत एका मावसभावाचा मेसेज आला, "काहून बे, हे तं त्यायचं नाव हाय नं!" खाली तीन अंगठे. पोट्ट्याचं नाव काय ठेवायचं तो त्याच्या मायबापाचा प्रश्न, पण त्या 'त्यायचं'नं मी अडखळलो. कारण आमच्या तालुक्यात हे नाव ज्यांच्यामुळे घरोघर माहीत आहे ते संत आहेत.

गुलाबराव महाराज. घराणं माधानच्या मोहोडांचं, जन्म 1881. वर्षाच्या आतच डोळे गेले. ऐकून ऐकून त्यांनी वेदान्त आत्मसात केला, मराठीसोबत संस्कृतातही रचना केली, स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवलं. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. 1915 साली पुण्यात वारले तेव्हा वय अवघं चौतीस. उभं आयुष्य त्यांनी सनातन परंपरेच्या बाजूनं युक्तिवाद केला, आणि नाव होतं फारसी फुलाचं. आमच्याकडे त्यांचं नाव घेताना आजही हात जोडले जातात. तेव्हा कुणी शब्दकोश उघडून बसत नाही.

स्पेनमध्येही असंच झालं. पाचव्या शतकात तिथं उत्तरेकडून गॉथ आले, 711 मध्ये त्यांचं राज्य बुडालं, त्यांची भाषाही संपली. पण फर्नांदो, रोद्रिगो, आल्वारो ही गॉथांकडची नावं राहिली आणि स्पॅनिश मुलांची अगदी नेहमीची नावं झाली. शेजारच्या पोर्तुगालातही ती होती. तिथून ती जहाजात बसून गोव्याला उतरली. फर्नांडिस म्हणजे मूळ अर्थानं फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा. एका विसरलेल्या टोळीची नावं आज म्हापशाच्या पाट्यांवर दिसतात. ती नावं आता गॉथांची नाहीत, ज्यांनी ती वागवली त्यांची आहेत.

नावं जुनी होतात, मागे पडतात. गुलाबराव आता बारशाला ऐकू येत नाही, तो आजोबांच्या सातबाऱ्यावर असतो. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. मुलाला जुनाट वाटेल म्हणून नाव सोडलं तर चालेल. पण 'त्यांचं' म्हणून सोडायचं ठरवलं, तर आधी गावाच्या नावातला 'बाजार' सोडावा लागेल, मग जमीन, मग हवा. आणि माधानला जाऊन महाराजांना कोणत्या नावानं हाक मारायची, हेही एकदा ठरवावं लागेल.