पावसातला सॉस, अर्थात करीवुर्स्टची गोष्ट

शुक्रवारी रात्री रिलीज एकदाचं गेलं. शनिवारी सकाळी बर्लिनच्या सवयीप्रमाणे भुरभुर पाऊस. बाहेर जायचा कंटाळा, फ्रीजमध्ये सॉसेजचं एक पाकीट आणि कपाटात टोमॅटो पेस्टची ट्यूब. म्हटलं चला, आज घरीच करीवुर्स्ट करू. तेवढ्यात आईचा फोन आला. काय करतोयस, तर सांगितलं. तिचा पहिलाच प्रश्न, "अरे, पण करी पावडर म्हणजे नक्की कुठला मसाला?"

आता काय सांगणार? आमच्या घरी गोडा मसाला आहे, कांदा-लसूण मसाला आहे, धणे-जिऱ्याची पूड आहे. करी पावडर नावाचा डबा आमच्याच काय, तुमच्याही घरी नसेल. आणि इकडे अख्खं बर्लिन शहर ती पिवळी पावडर सॉसेजवर भुरभुरवून खातंय. ही पावडर इथवर आली कशी, हे शोधता शोधता शनिवार संपला. त्याचाच हा वृत्तांत.

आधी पदार्थ. तळलेलं किंवा तव्यावर परतलेलं पोर्क सॉसेज, त्याचे इंचभर तुकडे, वर टोमॅटोचा आंबटगोड गरम सॉस आणि त्यावर करी पावडर. कागदी बशीत देतात, सोबत पाव नाहीतर फ्राईज. आपल्याकडे वडापावची गाडी तसा इथे 'इंबिस', म्हणजे उभ्या उभ्या खायचं टपरीवजा दुकान.

या पदार्थाची 'अधिकृत' जन्मतारीख आहे ४ सप्टेंबर १९४९. जागा बर्लिनचा शार्लोटेनबुर्ग भाग, कांटस्ट्रासे आणि कैसर-फ्रीडरिश-स्ट्रासेचा कोपरा. आणि माता हेर्टा हॉयवर. त्या दिवशी म्हणे धो धो पाऊस होता, गिऱ्हाईक एक नाही. बसल्या बसल्या बाईंनी टोमॅटो आणि मसाले एकत्र ढवळून पाहिले आणि तो सॉस सॉसेजवर ओतला.

गोष्ट गोड आहे, पण तारीख नीट बघा. १९४९ चं बर्लिन म्हणजे बाँबहल्ल्यांनी विटांचा ढीग झालेलं शहर. त्याचे चार तुकडे झालेले: रशियन, अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच. जून १९४८ मध्ये सोविएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केल्या आणि मे १९४९ पर्यंत तिथल्या वीसेक लाख लोकांना पिठापासून कोळशापर्यंत सगळं विमानाने पुरवलं गेलं. ती नाकेबंदी उठून चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा हॉयवरबाई टपरीवर सॉस ढवळत होत्या.

त्यांचं स्वतःचं गाव तर नकाशावरूनच पुसलं गेलं होतं. त्या जन्मल्या १९१३ साली, क्योनिग्सबेर्गला. युद्धानंतर ते शहर सोविएत संघाकडे गेलं आणि १९४६ मध्ये त्याचं नाव कालिनिनग्राद झालं. गंमत म्हणजे तत्त्वज्ञ कांटही त्याच गावचा, आणि बाईंची टपरी त्याच्याच नावाच्या रस्त्याजवळ. गाव गेलं, गावकऱ्याच्या नावाचा रस्ता मिळाला! असो.

आता करी पावडर. शार्लोटेनबुर्ग ब्रिटिशांच्या वाट्याला आलेला भाग. ब्रिटिश सैनिकांमुळे करी पावडर आणि वूस्टर सॉससारख्या वस्तू तिथल्या बाजारात झिरपल्या, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. पण ही पावडर ब्रिटिशांच्या खिशात आली ती भारतातल्या राज्यामुळे. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या इंग्रजी पाकपुस्तकात 'करी'ची कृती आहे, आणि तिच्यात मसाला म्हणून आहेत फक्त धणे आणि मिरी. १७८४ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात तयार करी पावडरची जाहिरातही छापून आली. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या साहेबांना ती चव घरी हवी होती, पण रोज मसाला भाजून वाटणार कोण? म्हणून हळद, धणे, जिरं, मेथी, मिरी, मिरची सगळं एकाच बाटलीत. आपल्या शंभर मसाल्यांची एक झिप फाईल म्हणा ना!

म्हणजे आईचा प्रश्न बरोबर होता. करी पावडर हा आपला मसाला नाहीच, आपल्या मसाल्यांची साहेबाने ठेवलेली ती एक आठवण आहे. १९४७ मध्ये साहेब भारतातून गेला आणि दोनच वर्षांत त्याची पावडर बर्लिनच्या टपरीवर पोचली.

टंचाईची दुसरी खूण सॉसेजमध्येच आहे. बर्लिनच्या टपरीवर आजही विचारतात, "मिट दार्म ओडर ओने दार्म?" म्हणजे शब्दशः, आतड्यासकट की आतड्याशिवाय? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलोच होतो :-) सॉसेजचं आवरण आतड्याचं असतं आणि युद्धानंतर त्याचाही तुटवडा होता. म्हणून बिनसालीचं सॉसेज निघालं. तुटवडा संपला, पण लोकांना त्याची चटक लागली ती लागलीच.

आता वादाचा मुद्दा. हांबुर्गवाले म्हणतात करीवुर्स्ट आमचं. उवे टिम या लेखकाची 'करीवुर्स्टचा शोध' ही छोटी कादंबरी १९९३ साली आली. तिच्यात हांबुर्गची एक बाई हा शोध लावते, आणि आपण १९४७ मध्येच हांबुर्गला हा पदार्थ खाल्ला होता असं टिम म्हणतात. खरं कोणाचं? कादंबरी हा पुरावा नाही, आणि आठवणीला तारखेचा शिक्का नसतो. बर्लिनकडे निदान कागद आहे. हॉयवरबाईंनी जानेवारी १९५९ मध्ये आपल्या सॉसचा 'चिलप' (चिली अधिक केचप) हा ट्रेडमार्क नोंदवला. पण नीट पाहिलं तर तो कागदही दहा वर्षं उशिराचा, आणि ट्रेडमार्क नावाचा असतो, पाककृतीचा नाही. कॉपी करायला सगळं रान मोकळं होतं.

आणि कॉपी झालीच. बर्लिनभर टपऱ्या निघाल्या. पूर्व बर्लिनमध्ये १९३० पासून सॉसेज विकणाऱ्या कोनोप्के कुटुंबाने १९६० मध्ये करीवुर्स्ट सुरू केलं. पुढच्याच वर्षी, १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहायला लागली. सॉस आधी पोचला म्हणून बरं! फोल्क्सवागन कंपनी १९७३ पासून वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात स्वतःचं करीवुर्स्ट बनवते आणि त्याला चक्क स्पेअर पार्टसारखा पार्ट नंबर आहे. २०२१ मध्ये कंपनीने मुख्यालयातल्या एका कँटीनमधून मांसाचं करीवुर्स्ट काढलं, तेव्हा माजी चॅन्सेलर गेरहार्ड श्र्योडर यांनी जाहीर नाराजी दाखवली. २०२३ मध्ये ते परत आलं.

हॉयवरबाईंनी मात्र कृती कोणालाच दिली नाही. १९९९ मध्ये त्या गेल्या आणि चिलपची रेसिपी त्यांच्याबरोबर गेली. आम्ही ओपन सोर्सवाली माणसं, मला आधी रागच आला. कोड लपवून ठेवायचा म्हणजे काय? मग वाटलं, मला महिन्याला पगार येतो. त्या बाईकडे भांडवल म्हणून दुसरं होतं काय? गाव गेलेलं, शहर पडलेलं. एक टपरी आणि एक सॉस. टपरीवाली बाई तो फुकट वाटेल अशी अपेक्षा करणारा मी कोण? २००३ मध्ये त्या जागी त्यांच्या नावाची पाटी लागली. हांबुर्गवाल्यांनी काहीही म्हणावं, माझ्या मते ती पाटी योग्य जागी आहे. शोध पहिला कोणाचा हे कधीच ठरणार नाही, पण भर पावसात तिथे उभं राहून पोट भरलं ते याच बाईने.

बरं, माझ्या प्रयोगाचं काय झालं? एक कांदा अगदी बारीक चिरून तेलात मऊ केला. गॅस बारीक करून दोन चमचे करी पावडर आणि थोडी पाप्रिका टाकली. (मोठ्या आचेवर टाकू नका, हळद-मेथी करपून कडू होते. पहिला घाण्यावाणी सॉस मी ओतूनच दिला.) तीन चमचे टोमॅटो पेस्ट, वाटीभर पाणी, चमचाभर साखर, थोडं व्हिनेगर, वूस्टर सॉसचे चार थेंब. दहा मिनिटं रटरटू दिलं. सॉसेज दुसरीकडे मंद आचेवर खरपूस केलं, तुकडे, वर सॉस, वर पुन्हा पावडर. पुण्यात करणाऱ्यांनी चिकन सॉसेज वापरलं तरी चालेल, सॉस तोच.

संध्याकाळी आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान दिसतंय. पण पुढच्या वेळी त्यात थोडा गोडा मसाला घालून बघ."

पुढच्या शनिवारी बघतोच. आणि जमलं तर कृती इथेच देईन, पूर्ण, काहीही न लपवता.