सायकलची वाट

अण्णांना (म्हणजे माझ्या वडिलांना) कुठल्या गावाची वाट विचारली की ते आधी उलटा प्रश्न करायचे, "कशानं जाणार?" एसटीने, बैलगाडीने, पायी की सायकलने? उत्तर मिळाल्याशिवाय पुढे बोलायचे नाहीत. सिल्लोडहून सायकलच्या कॅरिअरला कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करणारा माणूस. प्रत्येक गावाला त्यांच्या डोक्यात दोन वाटा असायच्या, एक पावसाळ्याची आणि एक उन्हाळ्याची. मला तेव्हा हे उगाच फाटे फोडणं वाटायचं.

मध्यंतरी सायकलवाल्यांना रस्ता सुचवणारी ही मोबाईलमधली साधनं कशी घडत गेली, ते वाचायचा नाद लागला. वाचता वाचता अण्णांचा प्रश्न परत परत समोर यायला लागला.

पण आधी आमच्याच भागातली एक जुनी गोष्ट. भोकरदन आणि जाफराबादच्या मधे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. वेलस्लीला केळणा ओलांडायची होती. वाटाडे सांगत होते की जवळपास दुसरा उतारच नाही, जो आहे तो थेट मराठ्यांच्या तोफांसमोर. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी येतात. त्याने विचार केला, इतकी जवळ वसलेली माणसं एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे इथे उतार असलाच पाहिजे. आणि तो निघाला! त्या उतारावरून फौज पलीकडे गेली आणि लढाईचा निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला.

या गोष्टीत वेलस्लीच्या हुशारीचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्या वाटाड्यांचं कोडं पडतं. ते खोटं बोलले, की "तोफा जातील असा उतार नाही" असं त्यांना म्हणायचं होतं? पिंपळगावच्या माणसाला डोक्यावर गाठोडं घेऊन जाता येणं वेगळं आणि तोफगाडे नेणं वेगळं. (हा आपला माझा तर्क हं, कागदोपत्री आधार नाही.)

असो. आता गणिताकडे. रस्ता शोधणाऱ्या बहुतेक सगळ्या साधनांच्या मुळाशी एडस्गर डाइक्स्ट्रा या डच माणसाची रीत आहे. 1956 साली ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेला असताना कॉफी पिता पिता वीसेक मिनिटांत ती त्याला सुचली, 1959 मध्ये छापून आली. चौक म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेघा आणि प्रत्येक रेघेला एक आकडा. बेरीज सगळ्यात कमी भरेल ती वाट निवडायची, बस्स. आकडा अंतराचाच असला पाहिजे असं मात्र गणित म्हणत नाही. चढ, खडी, ट्रकांची वर्दळ, चिखल, काहीही चालतं. म्हणजे "कशानं जाणार?" याचं उत्तर त्या आकड्यात घालायचं असतं.

सायकलवाल्यांची पंचाईत अशी की हे आकडे कुणाकडे नव्हतेच. 1 मे 2000 च्या मध्यरात्री अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या यंत्रालाही जागा बऱ्यापैकी नेमकी कळू लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका अमेरिकी अंतराळयानाने 11 दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीच्या उंचीचं मोजमाप केलं. आपला अजिंठ्याचा घाट किती चढतो ते त्यातून कळतं. 2004 मध्ये लंडनला स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला, लोकांनी स्वतः फिरून काढायचा नकाशा. 2007 मध्ये अँडी ॲलनने त्यावरून सायकलवाल्यांचा वेगळा नकाशा केला. पुढे ब्राउटरसारखी साधनं आली, ज्यात चढाला किती आणि कच्च्या रस्त्याला किती दंड लावायचा हे आपलं आपण ठरवता येतं. गूगलने सायकलचा पर्याय मार्च 2010 मध्ये अमेरिकेत आणला. आपल्याकडे डिसेंबर 2017 मध्ये 'दुचाकी' आली, पण ती मोटारसायकल! भारतात तर नकाशा हाच मुळात सरकारी परवानगीचा विषय. 2005 च्या धोरणाने गाठ थोडी सैल केली, फेब्रुवारी 2021 मध्ये ती बरीचशी सुटली.

गेल्या सप्टेंबरात मी सायकलने असईला निघालो. मोबाईलने भोकरदनच्या पुढे एक छान सरळ वाट दाखवली. आदल्या रात्रीच पाऊस झालेला, काळी माती. दोनशे पावलांत मडगार्ड आणि चाकामधे चिखल असा ठासून बसला की सायकल खांद्यावर घ्यावी लागली. बांधावरचे एक बाबा बघत होते. म्हणाले, "सायकलनं आलास व्हय रं? मंग हिकडून कशाला आलास? ही उन्हाळ्याची वाट हाय."

मी नुसताच उभा राहिलो. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली.

घरी आल्यावर त्यांच्या जितक्या वाटा मला आठवतात त्या नकाशात भरायला घेतल्या. दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवून घ्यायचं नाही असा ओपनस्ट्रीटमॅपचा नियम, त्यामुळे प्रत्येक वाटेवर स्वतः जाऊन येतो. आतापर्यंत सात भरल्या. तीन सापडल्याच नाहीत. दोन शेतात नांगरल्या गेल्यात आणि एकीवर विहीर आहे. आणखी किती होत्या ते विचारायला आता कोणी नाही.

त्या चिखलाच्या वाटेला मी 'माती' असं लिहिलं. काळी की मुरमाड, हे सांगायला तयार शब्द सापडला नाही. मग खाली टीप जोडली, 'पावसाळ्यात सायकल नेऊ नये'. टीप माणसाला दिसते, गणिताला दिसत नाही. तेव्हा पावसाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर टीप उघडून बघा.